कृष्णधवल मुद्रणासाठी संगणक-पडद्याचे अंशशोधन

संगणक-पडद्याचे अंशशोधन : संगणकाच्या पडद्यावरील प्रतिमेची दीप्ती, तिच्यातील पांढऱ्याचा वर्ण आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची चढण ही मापनाच्या साहाय्याने ठरावीक मूल्यांवर आणण्याची क्रिया. व्यवहारात तिला ‘कॅलिब्रेशन’ म्हणतात. अंकीय छायाचित्रावरील सर्व संस्कार पडद्याकडे पाहूनच केले जातात. त्यामुळे पडदा सदोष असल्यास प्रत्येक निर्णयातील दोष कागदावर उतरतो. कृष्णधवल चित्रात ही उणीव विशेष जाणवते, कारण तेथे रंगांचा आधार नसतो. आशय केवळ छटांच्या परस्परभेदावर उभा असतो.

पूर्वपीठिका : मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. तेव्हापासून दीर्घकाळ मुद्रकाचा निर्णय कागदावर प्रत्यक्ष उमटलेल्या प्रतिमेवरून होत असे. प्रकाशनाचे प्रमाण आणि निगेटिव्हवर येणारी घनता यांचा संबंध फर्डिनंड हर्टर व व्हेरो ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये आलेखाने मांडला. १९४० च्या सुमारास अँसल ॲडम्स व फ्रेड आर्चर यांनी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे अकरा पट्टे कल्पून दृश्य, निगेटिव्ह व मुद्रित प्रत यांची सांगड घातली [→ छायाचित्रण]. अंकीय पद्धतीत निगेटिव्हची जागा आकड्यांनी आणि चाचणी-पट्टीची जागा पडद्याने घेतली. हे आकडे स्वतः अदृश्य असल्याने त्यांचे दृश्य रूप कितपत विश्वसनीय आहे, हा प्रश्न नव्याने निर्माण झाला.

पडदा व कागद यांतील भेद : पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद पडलेला प्रकाश परत पाठवितो. सामान्य द्रवस्फटिक पडद्यावरील पांढरा त्याच पडद्यावरील काळ्याच्या सु. १,००० पट तेजस्वी असतो. चकाकीच्या उत्तम कागदावरील सर्वांत गडद काळ्याची घनता सु. २·३ असते, म्हणजे तेथे आपाती प्रकाशाचा सु. २०० वा भाग परावर्तित होतो. खरखरीत, चकाकीविरहित कागदावर ही घनता सु. १·६ पर्यंतच जाते व परावर्तन ४० व्या भागाइतके राहते. पडद्यावरील छटांचा संपूर्ण पल्ला कागदावर मावत नाही. म्हणून कागदाकडून पडद्याची बरोबरी अपेक्षिण्याऐवजी पडद्यालाच कागदाच्या मापात आणणे, हे अंशशोधनाचे मूळ सूत्र होय.

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदरच्या पश्चिमेस असलेल्या उत्तन या कोळी वस्तीच्या किनाऱ्यावरील दृश्य या दृष्टीने बोलके आहे. पावसाळा सरल्यावर तेथे बांबूंच्या उभ्या-आडव्या मांडणीवर, म्हणजे वलांडीवर, बोंबील वाळत घालतात. अर्धवट वाळलेले, किंचित पारदर्शक बोंबील आणि मागील उजळ आकाश यांच्या छटांत अंतर अत्यल्प असते. ओढून ठेवलेल्या होडीच्या बुडाखालची सावली मात्र जवळजवळ काळी असते. अशा चित्रात दोन्ही टोकांचा तपशील एकाच वेळी सांभाळावा लागतो.

दीप्ती : कारखान्यातून येणारे अनेक पडदे दर चौ. मीटरला २०० कँडेलांहून अधिक दीप्तीवर ठेवलेले असतात. मुद्रणासाठी ८० ते १२० कँडेला ही मर्यादा योग्य समजली जाते. तिचे कारण साध्या गणिताने स्पष्ट होते. ९० टक्के प्रकाश परावर्तित करणारा कागद ३५० लक्स प्रदीपनात धरल्यास त्याची दीप्ती दर चौ. मीटरला सु. १०० कँडेला होते. पडदा याच्या दुप्पट तेजस्वी असला, तर पाहणाऱ्यास चित्र फार उजळ वाटून तो ते गडद करतो. परिणामी पडद्यावर स्पष्ट दिसणाऱ्या होडीच्या फळ्या कागदावर एकसंध काळ्या डागात लोपतात. नवशिक्यांच्या मुद्रित प्रती काळवंडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

पांढऱ्याचा वर्ण : पडद्यावरील पांढऱ्याचे रंग-तापमान सामान्यतः ६,५०० के. ठेवतात. मुद्रित प्रती पाहण्याच्या प्रकाशासाठी आंतरराष्ट्रीय मानक ५,००० के.च्या आसपासचे आहे. प्रत व पडदा शेजारी ठेवून तुलना करावयाची असल्यास पडद्याचे मूल्य या दोहोंमध्ये, कागदाचा पांढरेपणा जुळेल तेथे निश्चित करतात. कागद पिवळसर असल्यास हा बदल अधिक आवश्यक ठरतो.

छटांची चढण : प्रत्येक छटेस ० ते २५५ यांपैकी एक अंक दिलेला असतो. अंक व दीप्ती यांचा संबंध ज्या घातांकाने दर्शवितात, त्यास गॅमा म्हणतात. गॅमा २·२ असताना १२८ या अंकाची दीप्ती पूर्ण पांढऱ्याच्या सु. २२ टक्के असते. गॅमा १·८ असताना ती सु. २९ टक्के होते. म्हणजे तोच अंक दोन पडद्यांवर दोन भिन्न करड्या छटा दाखवितो. मुद्रणासाठी २·२ हे मूल्य रूढ आहे.

करड्याचा समतोल : लाल, हिरवा व निळा हे तिन्ही घटक समान असूनही पडद्याच्या दोषामुळे गडद करडा हिरवट व फिका करडा गुलाबी दिसू शकतो. रंगीत चित्रात हे सहज झाकले जाते, कृष्णधवल चित्रात नाही. हा दोष काढताना संगणकाच्या चित्रपत्रिकेत आकडे बदलले, तर २५६ छटांपैकी काही गळतात व आकाशासारख्या संथ भागात पट्टे उमटतात. यास्तव चांगल्या पडद्यांत हे संस्कार पडद्याच्या अंतर्गत, अधिक सूक्ष्म पायऱ्यांच्या कोष्टकात करण्याची सोय असते.

पद्धती : पडदा अर्धा तास चालू ठेवून स्थिर होऊ देतात. नंतर वर्णमापक त्याच्या पृष्ठभागावर टेकवितात. संगणक ज्ञात मूल्यांचे चौकोन एकामागून एक दाखवितो व उपकरण त्यांचा प्रकाश मोजते. प्रथम दीप्ती, नंतर पांढरा व शेवटी छटांची चढण सुधारतात आणि उरलेला फरक पडद्याच्या वर्णन-धारिकेत नोंदवितात. या धारिकांचा समान आराखडा १९९३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय रंग संघाने ठरविला. केवळ डोळ्यांनी केलेले अंशशोधन भरवशाचे नसते, कारण डोळा आसपासच्या प्रकाशाशी लगेच जुळवून घेतो.

मुद्रकाशी मेळ : पडदा नीट केल्याने मुद्रक आपोआप नीट होत नाही. प्रत्येक कागद व शाई यांच्या जोडीसाठी स्वतंत्र धारिका लागते. तिच्या साहाय्याने त्या कागदाचा पांढरा व त्या शाईचा काळा पडद्यावर आधीच पाहता येतो. २००५ पासून काही मुद्रकांत काळ्या शाईच्या तीन घनता एकत्र वापरल्या जाऊ लागल्याने करड्या छटा अधिक अखंड व वर्णहीन झाल्या. अंतिम कसोटी म्हणून २१ पायऱ्यांची करडी पट्टी छापून, काही तास वाळवून पडद्याशी ताडून पाहतात. शेवटच्या दोन काळ्या पायऱ्या वेगळ्या दिसत नसतील, तर होडीखालच्या सावलीतील तपशीलही दिसणार नाही, हे कागद वाया जाण्यापूर्वीच कळते.

परिस्थिती व मर्यादा : पडद्याची दीप्ती वापराने घटते, म्हणून दरमहा पुन्हा मापन करणे इष्ट असते. खोलीचा प्रकाश मंद व स्थिर आणि भिंती करड्या असाव्यात. कोकणात चैत्रातील ऊन व आषाढातील झाकोळ यांत खिडकीच्या उजेडाचा फरक मोठा असतो. पडदा न बदलताही तो वेगळा भासतो. समुद्रकाठच्या दमट हवेत कागद ओल शोषतो, त्यामुळे तो बंद वेष्टनात ठेवणे हितावह ठरते. अंशशोधनाने पडदा व कागद एकरूप होत नाहीत. दोहोंमधील फरक मात्र ज्ञात व स्थिर होतो, आणि चित्रातील काळा किती गडद ठेवावयाचा हा निर्णय यंत्राच्या दोषावर न राहता छायाचित्रकाराच्या हाती राहतो.