सोने कुटणारी मुसळे : स्टॅम्प मिल

१९व्या शतकात गारगोटीतले सोने वेगळे काढण्याचे मुख्य यंत्र म्हणजे स्टॅम्प मिल. १८८० च्या दशकात ते कोलारच्या खाणींतही आले. वाफेच्या शक्तीवर वरखाली होणारी जड लोखंडी मुसळे धातुक कुटत. पाणी मिसळलेला बारीक चुरा जाळीतून बाहेर पडून पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहे. सोन्याचे कण पाऱ्याला चिकटत. हे मिश्रण खरवडून बंद भांड्यात तापवले की पाऱ्याची वाफ होऊन सोने उरे. चुऱ्यात राहिलेले सोने सायनाइडच्या द्रावणाने विरघळवण्याच्या प्रक्रियेचे पेटंट १८८७ चे. पुढे वाफेऐवजी वीज आली : १९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्र जलविद्युत केंद्राची वीज कोलारला पोहोचली.