भोकरदनला जाताय? झेरॉक्सच्या पुढे चार पावलं टाका

धावड्यातल्या कुणालाही विचारा, भोकरदनला कशाला जातोस? उत्तरं ठरलेली. उत्पन्नाचा दाखला, बँकेचं काम, झेरॉक्स, नाहीतर कॉलेज. फिरायला? तालुक्याच्या गावी कुणी फिरायला जातं का! फिरायला अजिंठा, नाहीतर संभाजीनगर. युरोपातल्या कुठल्याशा छोट्या शहरात एक दिवस कसा घालवायचा, याच्या रील्स मात्र आपण सेव्ह करून ठेवतो. मग या सुट्टीत तसाच एक दिवस भोकरदनला द्या. खर्च एसटीच्या तिकिटाचा आणि जेवणाचा.

आधी हे गाव काय आहे ते समजून घ्या, नाहीतर तिथे जाऊन फक्त बसस्टँड दिसेल. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. मध्य प्रदेशातल्या सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यात भोगवर्धनची माणसं आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यातली माणसं तिथवर पोहोचली होती, आणि तेव्हा एसटी नव्हती! उज्जैनहून पैठणला जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं हे गाव, असं अभ्यासक मानतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचा त्यावरचा अहवाल १९७४ साली आला.

त्या उत्खननात हस्तिदंताची एक छोटी, तुटलेली स्त्रीमूर्ती मिळाली. आता इटलीत चला. पॉम्पेई हे शहर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथे १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, साधारण वीतभर उंचीची. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनच्या मूर्तीशी तिचं इतकं साम्य आहे, की पॉम्पेईची मूर्ती आपल्याच भागात घडली असावी असं काही अभ्यासकांना वाटतं. हे नक्की सिद्ध झालेलं नाही. पण दाखल्याच्या रांगेत उभं असताना आठवायला भारी गोष्ट आहे ना?

आता प्रवासाचं. सकाळची पहिली गाडी पकडा आणि भोकरदनला उतरल्या उतरल्या परतीची शेवटची गाडी कधी, हे चौकशी खिडकीवर विचारा. फळ्यावरच्या वेळेवर विसंबू नका. मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं. मुलग्याची गाडी चुकली तर तो कुणाच्या तरी दुचाकीवर येतो, आपली चुकली तर पुढच्या वर्षभराचं फिरणं बंद होतं. म्हणून घरी परवानगी मागतानाच जायची गाडी, यायची गाडी आणि सोबत कोण, हे सगळं कागदावर लिहून दाखवा. आईला ठिकाण नाही, परतीची वेळ ऐकायची असते. पैशांचं म्हणाल तर मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे बजेटचं कारण आपल्याला चालणार नाही.

दिवस निवडताना आठवडी बाजार टाळा, उभं राहायलाही जागा मिळत नाही. पिंपळगाव रेणुकाईकडून जाणार असाल आणि मिरचीचा हंगाम असेल तर रस्त्यात गाड्यांची गर्दी आणि नाकाला रुमाल, दोन्ही धरून चाला. जालन्याकडून येणाऱ्यांनी अंगारकी चतुर्थीला निघू नये. वाटेत राजूरचा गणपती आहे, त्या दिवशी भाविकांची रीघ लागलेली असते.

गावात केळणा नदीच्या काठी खडकात कोरलेली हिंदू लेणी आहेत. अजिंठ्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका. इथे चित्रं नाहीत, पण ढकलाढकलीही नाही. रस्ता मॅपवर शोधण्यापेक्षा टपरीवर विचारा, आणि चहा घेऊन विचारा, जास्त नीट सांगतात. पावसाळ्यात नदीला पाणी असताना काठावरच्या दगडांवर सेल्फीसाठी चढू नका. एप्रिल-मेचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं.

हातात दुचाकी आणि लायसन्स दोन्ही असेल तर आन्व्याचं मंदिर चुकवू नका. तालुक्यातलं सगळ्यात देखणं ठिकाण तेच, असं माझं मत. आत महादेव आहे, पण बाहेरच्या भिंती नीट बघा. विष्णूची आयुधं हातात घेतलेल्या स्त्रीमूर्ती दिसतील. विष्णूचं हे स्त्रीरूप सहसा कुठे बघायला मिळत नाही, म्हणून मूर्तिशास्त्राचे अभ्यासक इथे लांबून येतात. खांबांवरच्या कोरीवकामासाठी तासभर ठेवा. मोबाइलचा टॉर्च चालेल, हात लावणं नको.

आणखी एक. जुन्या टेकाडांवर खापराचे तुकडे, मणी दिसले तर खिशात टाकू नका. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर सरकारला कळवावं लागतं, असा १८७८ सालचा कायदा आहे. दहा रुपये! तेव्हाचे असले तरी आकडा अजून तोच आहे. फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि कॉलेजमधल्या इतिहासाच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा.

आणि उत्खननात सापडलेल्या वस्तू बघायच्या असतील तर त्या भोकरदनमध्ये शोधू नका. संभाजीनगरला विद्यापीठाच्या इतिहास वस्तुसंग्रहालयात त्या ठेवल्या आहेत. अ‍ॅडमिशनच्या किंवा मार्कशीटच्या कामाला विद्यापीठात जालच, तेव्हा तासभर जास्त ठेवा. सुट्टीचा वार मात्र आधी फोन करून विचारा.