शिरोबिंदूची ओळख

आलेखाच्या स्वरूपात साठविलेल्या माहितीस प्रश्न विचारण्यासाठी 'सायफर' ही पृच्छाभाषा योजतात. तिच्यातील 'लेबल्स' हे अंगभूत फलन शिरोबिंदूचे वर्ग सांगते. 'कीज' गुणधर्मांची केवळ नावे देते, तर 'प्रॉपर्टीज' नावांसह मूल्येही देते.

शब्दकोशाचा आलेख रचला असता 'हात' या अर्थाचा 'कर' आणि 'सारा' या अर्थाचा 'कर' हे दोन शिरोबिंदू होतात. दोहोंचा वर्ग एक, रूपही एक. अर्थाची नोंद राहून गेली, तर वरील तिन्ही फलने दोहोंविषयी एकच उत्तर देतील.

'आयडी' हे फलन प्रत्येकाचा निराळा अंतर्गत क्रमांक देते खरे. परंतु तो क्रमांक साठवणीचा आहे, शब्दाचा नव्हे. 'नीओफोरजे' या प्रणालीत शिरोबिंदू पुसल्यावर तोच क्रमांक पुढे दुसऱ्यास मिळू शकतो. २०२२ मधील पाचव्या आवृत्तीत 'आयडी'ऐवजी 'एलिमेंटआयडी' वापरावे असे ठरले. तथापि त्याचीही खात्री एका व्यवहारापुरतीच दिली जाते.

यास्तव अभ्यासकाने प्रत्येक शब्दास आपला स्थिर नोंदक्रमांक गुणधर्म म्हणून द्यावा व प्रबंधात त्याचाच दाखला द्यावा. एरव्ही आज 'कर' दाखविणारा दाखला उद्या भलत्याच शब्दाकडे नेईल.