नांगर आणि टाक : भाग ४
एका कागदात मावलेलं घर

मागच्या भागात अमेरिकेतला १८६२चा होमस्टेड कायदा पाहिला. पाच वर्षं जमिनीवर राहून ती कसलीत की १६० एकर तुमची. या आशेनं हजारो कुटुंबं आईबाप, भावंडं मागे ठेवून पश्चिमेला गेली. घरची खुशाली कळायची ती पत्रानं, आणि पत्र कसं लिहायचं हे बरंचसं टपालाच्या दरानं ठरवलेलं असे.

१८४५पूर्वी अमेरिकेत टपालाचा आकार अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर पडे. चारशे मैलांपलीकडे एका कागदाला पंचवीस सेंट, आणि ते बहुधा पत्र घेणाऱ्यानं भरायचे. पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणून पाकीटच नको! मोठा कागद घडी घालून लाखेनं बंद करायचा, पत्ता बाहेरच्या बाजूला. जागा संपली की कागद फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच आडवं लिहायचं. वर्तमानपत्र मात्र सेंट-दीड सेंटात जाई. म्हणून काही जण जुन्या अंकातल्या अक्षरांना खुणा करून निरोप जुळवत. नियमाविरुद्ध होतं, तरी चाले.

पुढे दर उतरले. १८४५ मध्ये तीनशे मैलांपर्यंत पाच सेंट झाले. १८५१ मध्ये आगाऊ पैसे भरले तर तीन हजार मैलांपर्यंत तीनच. आता बारीकसारीक गोष्टीही कागदावर उतरायला हरकत नव्हती.

पश्चिमेला गेलेल्या या कुटुंबांच्या पत्रांत एका ओळीत बाळाचा ताप, दुसरीत मक्याचा भाव येतो. वाचणाऱ्याला हे कोरडं वाटतं, पण मला तसं वाटत नाही. आई हिवतापानं पडली तर गाय कोण पिळणार? लोणी आणि अंडी दुकानात देऊन बाई साखर, कापड आणायची. कोंबड्या मेल्या तर तेही गेलं. शेत आणि घर वेगळं नव्हतंच, मग पत्रात ते वेगळं कसं होईल?

इंडियानाचा युराया ऑब्लिंगर १८७२ मध्ये नेब्रास्कातल्या फिलमोर काउंटीत जमीन धरायला गेला. पुढच्या वर्षी त्याची बायको मॅटी लेकीला घेऊन तिथं पोचली. माळावरच्या गवताच्या मुळांनी घट्ट धरलेली माती कापून, तिचे ठोकळे रचून उभारलेल्या घरातून ती माहेरी लिहीत राहिली. घर मातीचं होतं, पण स्वतःचं होतं, याचा आनंद तिच्या पत्रांत आहे. १८७४ मध्ये नेब्रास्काच्या शेतांवर टोळधाड आली. १८८० मध्ये मॅटी बाळंतपणात गेली. या कुटुंबाची पत्रं जपून ठेवली गेली, म्हणून आज ती वाचता येतात.

पत्र शेतावर येत नसे. पोस्ट बहुतेकदा गावच्या दुकानातच असे. चिखलाच्या दिवसांत तिथवर जाणं आठवडा-आठवडा राहून जाई, आणि आजाऱ्याची बातमी हाती पडेपर्यंत तो बरा झालेला असे किंवा गेलेला. शेतघरांपर्यंत टपाल पोचवण्याचा प्रयोग १८९६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात सुरू झाला. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.