ग्रंथविक्रीचे अंदाजी आंकडे

‘अमुक पुस्तकाच्या हजार प्रती खपल्या’ असें विधान मराठी ग्रंथांविषयींच्या लेखनांत वारंवार आढळतें. त्याचा उगम शोधूं जातां तो पुष्कळदां विक्रीच्या हिशेबांत नसून छपाईच्या नोंदींत सांपडतो. सबब त्या नोंदीचें स्वरूप प्रथम पाहिलें पाहिजे.

१८६७ च्या पंचविसाव्या कायद्यान्वयें छापील पुस्तकांची नोंद होऊन ती दर तिमाहीस सरकारी गॅझेटांत प्रसिद्ध होत असे. ग्रंथनाम, भाषा, कर्ता, मुद्रक, पृष्ठें व किंमत यांबरोबर आवृत्तीच्या प्रतींची संख्याही तींत असे. संशोधकास हें मोठेंच साधन होय. तथापि प्रती किती विकल्या, याचा रकाना तींत नव्हता.

धुरावरून अग्नीचें अनुमान निर्दोष आहे; अग्नीवरून धुराचें मात्र नाहीं. तापलेल्या लोहगोलांत अग्नि असून धूर नसतो. ओल्या सर्पणाचा संयोग हा तेथील उपाधि, असें नैयायिक सांगतात. त्याचप्रमाणें विक्रीवरून मुद्रण सिद्ध होतें. मुद्रणावरून विक्री सिद्ध होत नाहीं. येथील उपाधि गिऱ्हाईक होय. कांहीं प्रती भेट जातात, कांहीं अभिप्रायार्थ जातात, तर कांहींना बांधणीपूर्वींच वाळवी लागते.

अंदाजावर अंदाज रचला कीं दोष वाढतो. रेव्हरंड जेम्स लाँग यांनीं १८५७ सालच्या बंगाली पुस्तकांचा आढावा १८५९ सालीं प्रसिद्ध केला. विक्रीकरितां छापलेल्या ५,७१,६७० प्रती दाखवून त्यांनीं दर प्रतीमागें सरासरी दहा वाचक वा श्रोते धरले. मोठ्यानें वाचून दाखविण्याची तत्कालीन चाल पाहतां ही कल्पना निराधार नव्हती. परंतु मुद्रणाची संख्या व वाचकांची कल्पना यांच्या मधली प्रत्यक्ष विक्री अज्ञातच राहिली.

मग उपाय काय? दुकानदाराची खतावणी उपलब्ध असल्यास तीच प्रथम पाहावी. ती नसल्यास पुढील आवृत्ति किती वर्षांनीं निघाली, मध्यंतरीं शिल्लक प्रती कमी किंमतीस काढल्या काय, शाळाखात्यानें घाऊक खरेदी केली काय, हें तपासावें. ‘दुसरी आवृत्ति’ एवढ्या शब्दांवरही विसंबूं नये. जुन्याच फर्म्यांस नवें मुखपृष्ठ जोडण्याची युक्ति प्रकाशकांस ठाऊक असते.

या आंकड्यांवरून आपण ग्रंथकारास लोकप्रिय किंवा उपेक्षित ठरवितों, व एका पिढीच्या अभिरुचीचा निवाडा करितों. म्हणून प्रत्येक आंकड्यापुढें तो छापलेल्या प्रतींचा, विकलेल्या प्रतींचा कीं कल्पिलेल्या वाचकांचा, हें स्पष्ट लिहिणें अवश्य आहे. तेवढें केल्यास अंदाजही उपयोगी पडतो. न केल्यास तो पुढील लेखकाच्या हातीं प्रमाण बनून जातो.