समुद्राकाठचे मोठे हॉटेल आणि आपला खिसा

आपल्या कळमेश्वरातल्या कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो ६ डिसेंबरला. रात्रभर गाडीत दाटीवाटीने बसायचे, दादरला उतरायचे, रांगेत तासन्‌तास उभे राहायचे, चैत्यभूमीवर माथा टेकवायचा आणि बाहेर येऊन पाहायचे तो समोर अथांग पाणी. पण त्या दिवशी मन भरून आलेले असते, परतीच्या गाडीची चिंता असते, पोरे गर्दीत हरवू नयेत म्हणून त्यांचे हात घट्ट धरलेले असतात. समुद्र डोळ्यांना दिसतो. निवांत पाहणे काही होत नाही.

आमच्या आईचेही असेच झाले. मागच्या दिवाळीत ती म्हणाली, "मले एकडाव समुद्र पाहाचा हाये, बाबू. गर्दीतला नाही, निवांत बसून." हे ऐकून आमचा पाचवीतला मुलगा लगेच म्हणाला, "मग त्या टीव्हीतल्या हॉटेलात जाऊ ना जी! खोलीतूनच समुद्र दिसते." आम्ही एमआयडीसीत पाळीचे काम करणारे माणूस. हसून विषय टाळला. परंतु रात्री सौ. ने विचारले, "खरंच, किती पैसे लागत असतील?" तेव्हा ठरवले की टाळायचे नाही, नीट हिशेब मांडून पाहायचा. वाचकहो, तोच हिशेब आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

सुटी म्हणजे चैन नव्हे

पहिला आक्षेप घरातूनच येतो. "पोरीची दहावी तोंडावर आहे, घराचे छत गळते, आणि तुम्हाला समुद्र सुचतो!" आक्षेप खोटा नाही. कर्ज काढून सहल करू नये, हे आम्हीही म्हणू. परंतु कामगाराने सुटी घेऊन कुटुंबासह चार दिवस कोठे जाणे ही चैन आहे, हे मात्र आम्हाला मान्य नाही.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे असताना त्यांनी १९४४ साली कायदेमंडळात कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यातून १९४५ साली कारखान्यातील कामगाराला वर्षाकाठी दहा दिवसांची भरपगारी सुटी कायद्याने मिळाली. यंत्रालाही विश्रांती लागते, मग माणसाला का नको, इतकी साधी ही गोष्ट आहे. आजच्या कायद्यातही वर्षातील ठराविक दिवस भरले की दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते, आणि हा हक्क कंत्राटी कामगारालाही आहे. आपल्यातले बरेच जण ती रजा लग्नकार्यात आणि दवाखान्यातच संपवितात. तेव्हा प्रश्न सुटी घ्यावी की नाही हा नाही. ती कोठे आणि किती पैशांत घ्यावी, हा आहे.

हे हॉटेल कोणासाठी बांधलेले असते?

समुद्राकाठी मोठ्या साखळी हॉटेलांची प्रथा आपल्याकडे तशी नवी आहे. टाटांच्या ताज समूहाने मुंबईचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली उघडले होते. गोव्यात सिकेरीला, पोर्तुगीजांनी १६१२ साली बांधलेल्या आग्वाद किल्ल्याच्या जागेवर, त्यांनी समुद्राकाठचे हॉटेल काढले ते १९७४ साली. नोव्हेंबर १९८३ मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल परिषद भरली, तेव्हा देशोदेशींचे पंतप्रधान विसाव्यासाठी गोव्यात आणले गेले. त्यानंतर गोव्याच्या किनाऱ्याचे नाव जगभर झाले आणि एकामागून एक हॉटेल कंपन्या तेथे आल्या.

या हॉटेलांचे दोन गिऱ्हाईक. एक सुटीवर आलेले पैसेवाले कुटुंब, दुसरे कंपनीच्या खर्चाने आलेले साहेब लोक. शनिवार-रविवार, दिवाळी आणि डिसेंबर अखेर कुटुंबांची गर्दी. मधल्या वारी आणि पावसाळ्यात खोल्या रिकाम्या राहू नयेत म्हणून कंपन्यांच्या बैठका. म्हणूनच एकाच खोलीचा भाव आज एक, तर चार दिवसांनी दुसरा असतो.

आम्हाला असे एक हॉटेल आतून पाहण्याचा योग आला. आमचा भाचा एका कंपनीच्या विक्री खात्यात आहे. आम्ही कोकणात असतानाच त्याच्या कंपनीची बैठक गोव्यात समुद्राकाठच्या हॉटेलात होती. "मामाजी, आजीले घेऊन या, दाखवतो," असे म्हणाला, म्हणून गेलो. खरे सांगतो, दारातल्या पहारेकऱ्याला पाहून आमचे पाय क्षणभर अडखळले. आत हिरवळ, निळ्या पाण्याचा तलाव, लहान मुलांसाठी वेगळी खेळण्याची खोली, साहेबांसाठी थंडगार सभागृह. स्वच्छता अशी की नाव ठेवायला जागा नाही. आई लुगड्याचा पदर सावरत कोचाच्या कडेला बसली.

भाचा हळूच म्हणाला, "मामाजी, हे काही माझ्या पैशानं नाही. कंपनी देते म्हणून मी इथं बसलो. स्वतःच्या पगारातून असतं तर एक रात्रही जमलं नसतं."

तेवढ्यात चहा घेऊन एक तरुण आला. आईच्या पदराला बाबासाहेबांचा लहान बिल्ला होता. तो पाहून पोरगा वाकून म्हणाला, "जयभीम आजी. मी यवतमाळकडचा." आईने विचारले, "सुटी भेटते का रे बाबू?" तो हसला. "सीझनमध्ये नाही, आजी." ज्या ठिकाणी सारे जग सुटी घालवायला येते, तेथे आपल्या पोराला सुटी नाही. आई परतीच्या वाटेवर बराच वेळ त्याच्याबद्दलच बोलत होती.

हिशेबाची वही

आता पैशांकडे वळू. हॉटेलच्या खोलीवर सरकार जीएसटी घेते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरील खोलीवर १८ टक्के कर आहे. म्हणजे ७५०० रुपयांची खोली करासह ७८७५ रुपयांना पडते. पण भाव ७६०० झाला की तीच खोली ८९६८ रुपयांना! भावात शंभर रुपयांचा फरक, बिलात एक हजार त्र्याण्णव रुपयांचा. समुद्राकाठच्या नामांकित हॉटेलांचे हंगामातले भाव बहुधा या रेषेच्या बरेच वर असतात.

यात आणखी एक गोम आहे. कंपनीने साहेबासाठी खोली घेतली तर तो खर्च कंपनीच्या धंद्याच्या खात्यात जातो, आणि त्याच राज्यात कंपनीची नोंदणी असल्यास १८ टक्के कर दुसऱ्या करातून वळता करून घेता येतो. पगारदार कुटुंबाला असा कोणताही मार्ग नाही; त्याला शेवटचा पैसा घरातूनच द्यावा लागतो. तीच खोली, तोच पलंग, पण साहेबाला स्वस्त आणि कामगाराला महाग.

जेवणाचेही तसेच. ज्या हॉटेलात खोल्या ७५०० च्या वर विकल्या गेल्या आहेत, तेथील उपाहारगृहात जेवणावर १८ टक्के कर. बाहेरच्या साध्या खानावळीत ५ टक्के. बिलात 'सर्व्हिस चार्ज' आपोआप लावता येत नाही, असा नियम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी केला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी तो उचलून धरला. कोणी लावलाच तर नम्रपणे काढायला सांगा. ऐकले नाही तर १९१५ हा ग्राहक तक्रारीचा क्रमांक आहे.

सरकारी नोकरीतील बांधवांनी एक ध्यानात ठेवावे. केंद्र सरकारच्या रजा प्रवास सवलतीत गाडीभाडे मिळते, हॉटेलचा खर्च मिळत नाही.

आडनावाचा प्रश्न

इतका हिशेब झाल्यावर कोणीही म्हणेल, मोठे हॉटेल सोडा, गावातल्या घरी खोली घ्या. आम्हीही तसेच म्हटले, आणि एका ठिकाणी फोन केला. खोली आहे म्हणाले, भाव सांगितला, मासे मिळतील म्हणाले. मग विचारले, "आडनाव काय आपले?" आम्ही सांगितले. थोडा वेळ शांतता. मग उत्तर आले, "अहो, त्या तारखांना घरी कार्य आहे, विसरलोच होतो."

आपल्यापैकी ज्यांनी शहरात भाड्याची खोली शोधली आहे, त्यांना या 'कार्या'चा अर्थ समजावून सांगायला नको. दुसऱ्या ठिकाणी मात्र एका बाईने आडनाव काय, गावही विचारले नाही. "आजीला जिना चढवतो का?" एवढेच विचारले. तेव्हा साऱ्या कोकणाला बोल लावणे अन्यायाचे होईल.

पण मोठ्या हॉटेलाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तेथे ओळखपत्र मागतात, जात मागत नाहीत. तेथे पैसा पाहतात. तोही एक भेदच आहे, हे खरे, परंतु पैसे मोजल्यावर आडनाव ऐकून कोणाचा चेहरा पडत नाही. आपल्यातले जे शिकले, अधिकारी झाले, ते दुप्पट पैसे देऊन अशा हॉटेलात का उतरतात, याचे कारण केवळ हौस नाही. आपल्या संविधानाच्या कलम १५ मध्ये हॉटेलात प्रवेश नाकारता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. हा हक्क खिशात पैसा असो वा नसो, आपला आहे. दाराशी अडखळलेले आमचे पाय आठवले की आजही आमची आम्हाला लाज वाटते.

वाळू कोणाची?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. हॉटेल खोलीचे पैसे घेते, समुद्राचे नाही. भरतीच्या रेषेखालची वाळू कोणत्याही कंपनीच्या मालकीची नसते. किनाऱ्यापासून पाचशे मीटर जागा मोकळी ठेवावी, असे पत्र पंतप्रधान इंदिरा गांधींनी नोव्हेंबर १९८१ मध्ये किनारी राज्यांना लिहिले होते. पुढे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारपट्टी नियमनाची अधिसूचना निघाली. ती पुढे पुष्कळ बदलली, सैलही झाली, तरी किनारा सर्वांचा ही गोष्ट बदलली नाही.

गोव्यात दोनापावलाजवळ वायंगिणी किनाऱ्याकडे जाणाऱ्या लोकांच्या वाटेवरून 'सिदाद द गोवा' या हॉटेलविरुद्ध गावकरी न्यायालयात गेले. हॉटेलच्या वाढीव बांधकामाने वाट अडली होती. खटला वर्षानुवर्षे चालला आणि २० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो लोकांच्या बाजूने. समुद्रकिनारा ही साऱ्या जनतेची ठेव आहे, सरकार केवळ तिचे राखणदार आहे, असे त्यात म्हटले. इमारत वाचविण्यासाठी गोवा सरकारने नंतर कायदा बदलला, पण ते तत्त्व मात्र पुसले गेले नाही.

हे वाचताना आम्हाला १९२७ सालचे महाड आठवले. पाणी सर्वांचे, ही गोष्ट आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

मग कोठे जावे?

आम्ही तारकर्लीला, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवासात उतरलो. सुरूच्या झाडांखाली कोकणी पद्धतीची घरे, आणि चार पावलांवर समुद्र. महामंडळाची अशी निवासस्थाने गणपतीपुळे, वेळणेश्वर, हरिहरेश्वर येथेही आहेत. गोव्याच्या महामंडळाचीही कळंगुट, मिरामार, कोलवा येथे आहेत. भाव हंगामानुसार बदलतात, म्हणून आधी विचारून घ्यावेत. दिवाळी आणि डिसेंबर अखेरचे दिवस टाळले तर चांगलेच.

नागपूर ते मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर. पुढे कोकण रेल्वेने कुडाळ, तेथून एसटीने मालवण. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. एसटीत महिलांना आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही. आधार कार्ड जवळ ठेवावे.

खोली ठरविताना चार गोष्टी विचारा. भावात कर धरला आहे काय? नाश्ता धरला आहे काय? किती वर्षांपर्यंतचे मूल फुकट? आणि बेत रद्द झाला तर पैसे परत मिळतात काय?

आणखी एक कळकळीची सूचना. आपली पोरे विहिरीत पोहायला शिकलेली असतात. त्यांना वाटते आपल्याला पाण्याची भीती नाही. समुद्राचे पाणी वेगळे. ओहोटीच्या वेळी ते पायाखालची वाळू घेऊन माणसाला आत ओढते. गावातल्या कोळ्यांना किंवा जीवरक्षकाला विचारल्याशिवाय गुडघ्यापुढे जाऊ देऊ नका. पावसाळ्यात तर दुरूनच पाहावा.

आमचे मत विचाराल तर असे आहे. कंपनी पाठवीत असेल तर मोठ्या हॉटेलात जरूर जा, ताठ मानेने जा. स्वतःच्या पगारातून जायचे तर तेथील एका रात्रीच्या पैशांत साध्या निवासात कुटुंबाचे अधिक दिवस निघतात, आणि समुद्र दोन्हीकडे तोच असतो. मुलाला पोहण्याचा तलाव मिळाला नाही म्हणून तो पहिल्या दिवशी थोडा रुसला. दुसऱ्या दिवशी खेकड्यांमागे धावताना विसरून गेला.

आई संध्याकाळी वाळूवर पाय पसरून बसली होती. लाट आली, पायाला लागली, गेली. आम्ही विचारले, "झाला का माय, पाहून?" ती म्हणाली, "थांब ना बाबू. आता तं बसली."

आम्ही थांबलो. सुटीचे अजून दोन दिवस शिल्लक होते.