विजेची वेगवान मोटार : घाटात आणि धंद्यात किती उपयोगी?

भोरहून पुढे निघाले की आंबवडे लागते. संस्थानकाळातल्या झुलत्या पुलामुळे हे गाव बाहेरच्यांनाही ठाऊक आहे. मध्यंतरी एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही तेथे गेलो असता मुंबईहून आलेली एक नवी कोरी विजेची मोटार मंडपाबाहेर उभी होती. भोवती पोरांचा गराडा, पण मालक चिंतेत! परतीपूर्वी बॅटरी भरायची होती आणि मंडपाच्या वायरिंगला तो भार सोसत नव्हता. शेजारचे गॅरेजवाले मिस्त्री आम्हाला म्हणाले, "भाई, ह्या गाड्या वाढल्या तर आमच्या पान्यांचं काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून या मोटारींची दुसरी बाजू आम्ही येथे मांडत आहोत.

या मोटारी आता परदेशी राहिलेल्या नाहीत. महिंद्र कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या दोन विजेच्या मोटारी आपल्याच जिल्ह्यात, चाकणला तयार होतात. त्यांपैकी बीई ६ ही मोठ्या बॅटरीवर ताशी १०० किलोमीटरचा वेग ६.७ सेकंदांत गाठते, असे कंपनी सांगते. विजेच्या मोटरला गिअर बदलावे लागत नाहीत. पाय दाबताच पूर्ण जोर मिळतो. ओव्हरटेक करताना याचा फायदा होतो, हे मान्य केले पाहिजे.

आता अडचणी पाहू. पहिली अडचण बॅटरी भरण्याची. मोठी बॅटरी ७९ युनिटची आहे. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगमधून तासाला सुमारे तीन युनिट वीज जाते. म्हणजे रिकामी बॅटरी भरायला एक दिवस आणि एक रात्र लागते. ७.२ किलोवॉटचा चार्जर बसविला तरी अकरा-बारा तास. वीस मिनिटांत २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेण्याचा दावा १७५ किलोवॉटच्या चार्जरवरचा आहे आणि असे चार्जर गावोगावी नसतात.

दुसरी अडचण वेगाची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी ११० किलोमीटरने गाडी हाकली की हा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. चाचणीतला ६८२ किलोमीटरचा आकडा महामार्गावर मिळत नाही, तो यामुळेच. घाटाची भीती मात्र लोक विनाकारण बाळगतात. २३०० किलोची भरलेली गाडी ५०० मीटर उंच चढविण्यास तीन युनिटांहून थोडी अधिक वीज लागते. उतारावर मोटर उलट वीज तयार करून तिचा काही भाग परत देते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर मात्र ही वीज साठवायला जागा उरत नाही.

तिसरी अडचण वजनाची. बॅटरीमुळे गाडी जड होते. त्यात झटक्याचा जोर, म्हणून टायर लवकर झिजतात. चौथी गोष्ट जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. कंपनीने बॅटरीची आजीवन हमी जाहीर केली, पण ती पहिल्या खाजगी मालकापुरती. दुसऱ्या हाताची गाडी घेताना किंवा ती भाड्याने चालविण्याचा विचार असताना हमीचा कागद ओळ न ओळ वाचावा.

आता मिस्त्रींच्या प्रश्नाकडे वळू. इंजिन ऑइल, क्लच, सायलेन्सर, स्पार्क प्लग ही कामे या गाडीत नाहीत. ब्रेकही कमी झिजतात. पण टायर, अलाइनमेंट, सस्पेन्शन, एसी, डेंटिंग-पेंटिंग आणि काच ही कामे राहणारच. टायरचे काम तर वाढेल. नारिंगी रंगाच्या जाड केबल्सना मात्र शिक्षणाशिवाय हात लावू नये. त्यांतील दाब शेकडो व्होल्टचा असतो आणि तो जीव घेऊ शकतो. आयटीआयमध्ये आता विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. हाताखाली काम करणाऱ्या पोराला तेथे पाठविण्याचा विचार आमच्या कारागीर बांधवांनी जरूर करावा.

व्यापाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच : रोजची फेरी ठरलेली असेल, रात्री गाडी स्वतःच्या जागेत उभी राहत असेल आणि मीटरचा मंजूर भार पुरेसा असेल, तर विजेच्या गाडीचा हिशेब जमतो. परंतु सहा सेकंदांच्या वेगासाठी जादा पैसे मोजू नयेत. गिऱ्हाईक माल वेळेवर पोहोचला का, एवढेच विचारते. किती सेकंदांत वेग घेतला, हे विचारत नाही.